लेकराला न विचारता चित्रपुस्तक कसं लिहावं

नवशिक्यांसाठी दहा पायऱ्यांत संपूर्ण मार्गदर्शन

अभिनंदन! तुम्ही लहान मुलांसाठी चित्रपुस्तक लिहायचं ठरवलंय. निर्णय शहाणपणाचा आहे. कादंबरीला चारशे पानं लागतात, कवितेला प्रतिभा लागते, वर्तमानपत्रात छापून यायला ओळख लागते. चित्रपुस्तकाला चोवीस पानं पुरतात, त्यातली निम्मीशिम्मी चित्रकार भरून देतो, आणि ज्याच्यासाठी ते लिहायचं त्याला अजून वाचता येत नसल्यामुळे त्याचं तक्रारीचं पत्रही येत नाही. विकत घेणारा एक, वाचून दाखवणारा दुसरा, ऐकणारा तिसरा. यातल्या पहिल्याला खूश ठेवलं की झालं.

सध्या मागणी आहे ती मुलांच्या रोजच्या अडचणींना. राक्षस, राजकन्या आणि जादूचा दिवा मागे पडले. घरात नवं बाळ आलं, मित्राने कट्टी घेतली, शाळेत जायचं नाही, आजी आजारी पडली, अंधाराची भीती वाटते, असे विषय आता चालतात. यात एकच गोची आहे. अडचणी खऱ्या असतात, आणि खऱ्या अडचणीच्या मुळाशी गेलं की तिथे कोणीतरी मोठं माणूस बसलेलं सापडतं. ते सापडू न देता पुस्तक पूर्ण कसं करायचं, याचं हे मार्गदर्शन.

ते पेडगावातून येतंय, हेच त्याचं प्रमाणपत्र समजा. वेड पांघरून लोक ज्या पेडगावला जातात ते श्रीगोंद्याकडचं, भीमेच्या काठचं, असं जाणकार सांगतात. आमचं पेडगाव परभणी तालुक्यातलं. परभणीहून गाडी मानवत रोडकडे निघाली की लागणारं, काळ्या रानातलं, कापूस-सोयाबीन-तुरीचं. पण टोमणा मारणारा कधी नकाशा बघत नाही. 'पेडगावचे का? मग वेड घेऊन आलात का सोडून?' हे आम्ही तिकिटाच्या खिडकीपासून सोयरिकीच्या बैठकीपर्यंत सगळीकडे ऐकलंय. सगळं दिसत असून काहीच न दिसल्यासारखं बसायचं कसं, यात इथल्या माणसाचा हात कोणी धरू नये. आणि लहान मुलांच्या अडचणींवर लिहायला नेमकं तेवढंच कसब लागतं.

चला, वही उघडा.

१. अडचण बारकी निवडा

गावातल्या कुठल्याही ओसरीवर सकाळी थोडा वेळ बसा. अडचणी आपल्या पायांनी चालत येतील. पण दिसली की उचलली असं करू नका. आधी चाळणी लावा.

चालणाऱ्या अडचणी अशा: खडू हरवला. भाजी आवडत नाही. दात घासायचा कंटाळा येतो. मोबाइल सुटत नाही. (या शेवटच्या अडचणीत मोबाइल लेकराच्या हातात पहिल्यांदा कोणी दिला आणि का दिला, हा तपशील गाळायचा. 'गप बसावं म्हणून' हे शब्द पुस्तकात येता कामा नयेत.)

न चालणाऱ्या अडचणी अशा: रात्री मायबापाचं भांडण ऐकू येतं आणि सकाळी सगळे 'कुठं काय?' म्हणतात. भावाला दूध मिळतं, बहिणीला चहा. चुलता वेगळा निघाला आणि खेळायच्या अंगणातून भिंत गेली. आणि मुळीच न चालणारी अडचण म्हणजे दसरा-दिवाळी झाली आणि मायबाप ऊसतोडीला गेले.

ही अडचण निव्वळ तांत्रिक कारणाने बाद होते. बीड-परभणीकडच्या गावोगावांहून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, आणि लेकरू एकतर फडावर जातं नाहीतर आजीपाशी राहतं. चित्रपुस्तकाचा नियम असा की चोविसाव्या पानापर्यंत आई परत यायला पाहिजे. इथे कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिल उजाडेपर्यंत, आई येत नाही. तेवढी पानं कोण छापणार? शिवाय उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी दुसरा भाग काढावा लागेल. सोडून द्या. खडू हरवला, हेच बरं.

२. माणसं काढा, ससे घाला

ही पायरी प्रात्यक्षिकासह समजून घेऊ. कच्चा माल असा आहे.

दोन पोरं, पाच-पाच वर्षांची, एकाच अंगणवाडीत. एकाच्या बापाचं आणि दुसऱ्याच्या आजोबाचं बांधावरून वाजलं. हा म्हणतो त्यानं वखर बांधात घातला, तो म्हणतो बांधच मुळात सरकवलेला. मोजणीचा अर्ज पडला, बोलचाल बंद झाली. पोरांना घरून ताकीद मिळाली, 'त्याच्याकडं तोंड करून बसायचं नाही.' पोरं आज्ञाधारक. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत पाठीला पाठ लावून बसली. ताईंनी खिचडी वाढली. एकाने मान न वळवता हात मागे नेला आणि आपल्या खिचडीतले शेंगदाणे वेचून दुसऱ्याच्या ताटलीत टाकले. याला शेंगदाणे आवडत नाहीत, त्याला आवडतात, आणि ही व्यवस्था बांधाच्या भांडणाच्या आधीपासून लागलेली. घरी गेल्यावर बापाने विचारलं, 'बोललास का रं त्याच्याशी?' पोरगं म्हणालं, 'नाही.' आणि ते खरंच होतं.

नवशिक्याला वाटतं, गोष्ट तर तयारच आहे, फक्त चित्रं काढायची. हाच तो मोह. या मालात किती दोष आहेत बघा. भांडण मोठ्यांचं, चूक मोठ्यांची, अक्कल पोरांची, आणि वर पोरगं अक्षरही खोटं न बोलता बापाला गुंडाळून ठेवतं. असलं पुस्तक कुठला बाप विकत घेईल?

आता दुरुस्ती. दोन पोरांच्या जागी दोन ससे. बांधाच्या जागी गाजर. आजोबाच्या जागी कोणी नाही. एका सशाने गाजर वाटून दिलं नाही, दुसरा रुसला, झाडावरच्या शहाण्या घुबडाने समजावलं, दोघांनी गाजर अर्धं-अर्धं खाल्लं. झालं. आता भांडण पोरांचं, चूक पोरांची आणि शहाणपण घुबडाचं, म्हणजे आपलं. हेच पुस्तक तो बाप हौसेने घेईल आणि मोजणीच्या तारखेला कचेरीच्या बाकावर बसल्या बसल्या पोराला वाचून दाखवील, 'बघ, सगळ्यांनी वाटून खावं.'

दोन किरकोळ शंका येतील. आमच्या रानातला ससा गाजराच्या वाटेला जात नाही. तो कोवळा हरभरा खातो आणि शेतकरी त्याच्या नावाने बोटं मोडतो. हे लिहू नका, ससा चोर ठरेल. दुसरं, आपल्याकडे घुबड घरावर बसलं की लोक दगड घेऊन धावतात, तेच पुस्तकात चष्मा लावून सल्ले कसं देतं? याला उत्तर नाही. प्रथा आहे. पाळा.

३. गाव काढायचं तर कोकणातलं काढा

चित्रकाराला 'गाव' एवढा एकच शब्द सांगा. तो न विचारता दोन डोंगर काढील, मधून सूर्य उगवील, खालून नदी वाहवील, कौलारू घर बांधील आणि दारात नारळ लावील. अडवू नका. पेडगावाभोवतीचं रान आडवंतिडवं सपाट आहे आणि नारळ इथे लग्नात नाहीतर मारुतीपुढे दिसतो, हे खरं. पण पत्र्याची घरं, एखादं जुनं माळवद, दारातला ट्रॅक्टर, मोबाइलचा टॉवर आणि गाडी गेली की थरथरणारी खिडकी, यात 'गाव' कुठे दिसतं?

आई स्वयंपाकघरात उभी करा. ती कापूस वेचायला गेलेली असते त्या वेळचं चित्र काढायचं नाही. बाबांच्या हातात वर्तमानपत्र द्या. आजीला आरामखुर्ची आणि चष्मा. आमच्याकडच्या आज्या शेळ्यांमागे असतात आणि नातवाला गोष्ट सांगता सांगता तूर निवडतात, पण आरामखुर्ची कशी भारदस्त दिसते.

नावं आरव, अनन्या, फार तर चिंटू. ज्ञानोबा आणि गयाबाई ही नावं आजोबा-आजीलाच शोभतात. सलीम चालेल. एका पानावर, ईदच्या दिवशी, हातात शिरखुर्म्याची वाटी घेऊन. वर्गात सलीम वर्षभर शेजारी बसतो आणि पेन्सिलीवरून मारामारीही करतो, पण त्या पानांवर तो आला तर एकात्मतेचा संदेश पातळ होतो.

४. भाषा धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या

लेकरू कसं बोलतं ते ऐका आणि ताबडतोब विसरा. समजा शेजारच्या पोराला ढकललंय आणि ओसरीवर पंचनामा चालू आहे. आरोपी म्हणतो, 'म्या नाही ढकललं वं माय, त्योच पडला!'

पुस्तकात हे असं येईल: 'आई, माझ्या हातून चूक झाली. मला क्षमा कर. मी पुन्हा असे करणार नाही.'

काय झालं बघा. आपण फक्त भाषा शुद्ध करायला बसलो होतो, आणि भाषेबरोबर गुन्हाही कबूल झाला. पोलीस ठाण्यातही इतकं झटपट काम होत नाही.

५. नव्या बाळाचं प्रकरण सांभाळून हाताळा

याला बाजारात कायमचा उठाव आहे, कारण घरोघरी दुसरं बाळ येतं आणि थोरल्याचं काय करायचं ते कोणालाच कळत नाही.

खरी हकिकत अशी असते. माय बाळंतपणाला माहेरी जाते, थोरलं आजीपाशी राहतं. माय परत येते ती कडेवर दुसरंच कोणी घेऊन. रात्री मायच्या कुशीतली जागा गेलेली असते. थोरल्याला सांगतात, 'आता तू दादा झालास.' पगार न वाढवता दिलेली बढती म्हणतात ती हीच. मग एका दुपारी बाळ अचानक टाहो फोडतं. त्याच्या मांडीवर लाल खूण असते. थोरलं शेजारीच बसलेलं असतं आणि शांतपणे सांगतं, 'डास चावला.' एवढंच नाही, लगेच टॉवेल घेऊन तो डास हाकलायलाही लागतं.

हे पान कदापि काढू नका. त्याऐवजी 'दादा बाळाचा पापा घेतो' असं पान काढा, वर तीन बदाम टाका.

परदेशात काही लोकांनी या विषयाची नासाडी केली, ती बघून ठेवा. एझ्रा जॅक कीट्स या अमेरिकन चित्रकाराने १९६७ साली 'पीटर्स चेअर' नावाचं पुस्तक काढलं. त्यात बहीण झाली म्हणून घरचे पीटरचा पाळणा आणि उंच खुर्ची गुलाबी रंगात रंगवून टाकतात. पीटर आपली उरलेली बुटकी खुर्ची उचलतो, कुत्र्याला घेतो आणि घर सोडून जातो, तो थेट घराच्या बाहेरपर्यंत. तिथे खुर्चीत बसायला जातो, तर त्यात तो मावत नाही. शेवटी बापलेक मिळून खुर्ची रंगवायला बसतात. 'बहिणीवर माया करावी' हे वाक्य लेखकाने कुठेच खर्चलं नाही, खुर्चीच्या मापावर भागवलं. एवढा चिक्कूपणा आपल्याला परवडणार नाही. आपले गिऱ्हाईक वाक्यं मोजून घेतात.

६. मोठं माणूस चुकू देऊ नका

लेकराने रागावायचं, मोठ्याने समजवायचं, लेकराने समजायचं. हा क्रम उलटा झाला की छपाई थांबवा.

मॉरिस सेंडाकने १९६३ साली आपल्या चित्रपुस्तकात काय गोंधळ घातला तो माहीत असेल. मॅक्स नावाचं द्वाड पोरगं आईला म्हणतं, तुला खाऊन टाकीन. आई त्याला उपाशी झोपायला पाठवते. तो मनातल्या मनात राक्षसांच्या मुलखात जातो, त्यांचा राजा होतो, धिंगाणा घालतो, आणि एकटं वाटून परत येतो तर खोलीत जेवण ठेवलेलं, तेही गरम. मॅक्स माफी मागत नाही. आई भाषण देत नाही, अख्ख्या पुस्तकात ती चित्रातही येत नाही. मग पुढच्याच वर्षी या पुस्तकाला कॅल्डेकॉट पदक देण्यात आलं. परीक्षकांच्या घरी लहान मुलं नसावीत.

आपल्याकडचा असाच एक धोका सांगून ठेवतो. बापाने चुकून भलत्याच पोराला धपाटा घातला आणि नंतर खरा प्रकार कळला, तर तो माफी मागत नाही. संध्याकाळी येताना भज्यांचा पुडा आणतो, त्या पोराच्या पुढ्यात ठेवतो आणि दुसरीकडे बघत विचारतो, 'खातो का?' पोरगं दोन भजी खातं, तिसरं बापाच्या हातावर ठेवतं. प्रकरण मिटतं. हे चित्र काढायला सोपं आहे म्हणून काढाल. नका काढू. गावातला प्रत्येक बाप स्वतःला ओळखील आणि पुस्तक परत करील.

७. तात्पर्य ठळक टाईपात छापा

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही म्हणतो ते उगाच नाही. तात्पर्याच्या शास्त्रात जर्मनी आमच्या पुढे आहे. फ्रँकफुर्टच्या हाइनरिश हॉफमान या डॉक्टरने १८४४च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी चांगलं चित्रपुस्तक शोधलं. सगळी उपदेशाची निघाली. शेवटी त्याने कोरी वही आणली आणि स्वतःच गोष्टी लिहून चित्रं काढली. १८४५ साली ते पुस्तक छापून निघालं. 'स्ट्रूवेलपेटर' या नावाने ते पुढे ओळखलं गेलं.

त्यातले परिणाम लगेच दिसतात. अंगठा चोखणाऱ्या पोराचे दोन्ही अंगठे शिंपी येऊन कातरीने कापून नेतो. सूप नको म्हणणारं पोरगं पाचव्या दिवशी मरतं. काड्यापेटीशी खेळणाऱ्या पोरीची राख होते आणि शेजारी दोन मांजरं रडतात. काही लोक म्हणतात, डॉक्टरने उपदेशाच्या पुस्तकांची टरच उडवली होती. म्हणू देत. लाखो पालकांनी ते सरळ अर्थाने वाचलं, हेच आपल्याला शिकण्यासारखं आहे. टर उडवली तरी पालक तात्पर्य काढतातच. मग आपण स्वतःच छापून दिलेलं काय वाईट?

आपण अंगठे कापायचे नाहीत, जमाना बदललाय. आपण 'आणि मग सगळे त्याच्याशी बोलेनासे झाले' एवढ्यावर भागवायचं. रक्त न सांडता तेवढंच काम होतं.

८. ही पुस्तकं घरात ठेवू नका

काही पुस्तकं नवशिक्याचा आत्मविश्वास घालवतात. मराठीत या बाबतीत माधुरी पुरंदरे यांच्यापासून सावध राहा. त्या स्वतःच लिहितात, स्वतःच चित्रं काढतात, म्हणजे चित्रकाराला सांगून नारळ घालून घ्यायचीही सोय नाही. ज्योत्स्ना प्रकाशनाने काढलेली त्यांची 'राधाचं घर' आणि 'यश' या मालिका चाळल्यात तर दोष ध्यानात येईल. त्यांतली मुलं कशाचं उदाहरण म्हणून येत नाहीत, नुसती असतात. राधा आपल्या घरातली माणसं सांगते, तर ती माणसं राधाच्या उंचीवरून दिसतात. त्यांच्या सवयी, खोडी, लकबी सगळं उघडं पडतं. घरातली मोठी माणसं अशी उजेडात आणायची असतात का?

त्यांचं 'बाबाच्या मिश्या' तर हद्द आहे. अनू नावाच्या मुलीला आपल्या बाबाच्या मिश्या फार आवडतात. पुढे काय शिकायचं? काहीच नाही. मिशी ठेवावी की काढावी, याचंसुद्धा मार्गदर्शन नाही.

आता इतक्या त्रुटी असताना लेखिकेला २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, आणि २०१६ साली 'बिग लिटल बुक अवॉर्ड' सुरू झालं तर पहिल्याच वर्षी लेखनासाठी तेही त्यांनाच. पुरस्कार देणाऱ्यांचं काय जातं? तात्पर्य नसलेलं पुस्तक वाचून झाल्यावर लेकरू आपल्याकडे बघतं, तेव्हा पालकाने काय तोंड दाखवायचं, याचा विचार समितीने केला होता का?

सरकारही यात मागे नाही. एनसीईआरटीने २००८ साली नव्याने वाचू लागलेल्या मुलांसाठी 'बरखा' नावाची ४० हिंदी पुस्तकं काढली. रोजच्या जगण्यातले बारीकसे प्रसंग, चार ओळी, संपलं. आपल्यासारख्यांच्या पोटावर पाय आणायचे हे धंदे.

९. पुस्तक मुलांपासून जपा

पुस्तक छापून झालं की खरी जबाबदारी सुरू होते. लेकरांच्या हाती लागलं तर ते फाटेल, त्यावर वरण सांडेल, बाळाला चिमटा काढणाऱ्या पानाची मागणी होईल. म्हणून पुस्तक शाळेच्या लोखंडी कपाटात ठेवा. डेड स्टॉक रजिस्टरला नोंद करा, अनुक्रमांक टाका, कपाटाला कुलूप लावा, किल्ली अशा माणसाकडे द्या की ज्याची बदली लवकरच होणार आहे. तपासणीच्या दिवशी पुस्तकं काढून दोरीला टांगा. पोरांना म्हणा, 'हात लावू नका, नुसतं वाचा.' तपासणी आटोपली की पुन्हा आत.

बाजारातली वाटही सांगतो. परभणीत दुकानात जाऊन 'लहान लेकरांचं पुस्तक' मागा. दुकानदार विचारील, 'कितवीचं?' 'शाळेत जायच्या आधीचं' म्हटलं की तो अंकलिपी काढून देईल. अंकलिपीच्या शेजारी आपलं पुस्तक ठेवायला सांगा आणि मुखपृष्ठावर 'संस्कारक्षम' हा शब्द घाला. बाकी मजकूर कोणी बघत नाही.

एका गोष्टीला मात्र कुलूप लागत नाही. प्रथम बुक्सने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' सुरू केलं आणि चित्रगोष्टी मोबाइलवर फुकट खुल्या केल्या, त्यात मराठीही आल्या. ज्या मोबाइलने लेकरू गप बसवायचं, त्यातच गोष्टी निघाल्या तर अवघड आहे. माय कापसाच्या पाटीला टेकून जरा बसली, पोरगं मांडीत आलं आणि दोघांनी मिळून एक गोष्ट बघितली, असं घडू शकतं. उपाय एकच. ही बातमी पुढे सांगू नका.

१०. वाचून दाखवताना पान उलटू देऊ नका

प्रत्येक पानावर थांबा. 'हे काय आहे? रंग कोणता? किती ससे आहेत? इंग्रजीत काय म्हणतात?' लेकरू म्हणेल, 'पुढं काय झालं?' हा प्रश्न ऐकू आला नाही असं दाखवा. शेवटी 'यावरून आपण काय शिकलो?' हे विचारल्याशिवाय पुस्तक मिटायचं नाही. उत्तर येईपर्यंत पाणी प्यायलाही सोडू नका. नियमाने असं केलं तर काही दिवसांत लेकरू पुस्तक दिसलं की आपोआप खेळायला पळतं, आणि व्यायामाचीही सोय होते.

नेहमीच्या शंका

शंका: माझा लहान मुलांशी काहीच संबंध येत नाही. मला जमेल का?
उत्तर: तुम्ही बऱ्याच पुढे आहात. ज्यांचा संबंध येतो त्यांचीच लिहिताना गाडी अडते.

शंका: चित्रकाराला मानधन किती द्यावं?
उत्तर: 'तुमचं नाव छापू' म्हणा. मुखपृष्ठावर छापू, असं म्हणू नका.

शंका: माझ्या गोष्टीतला ससा चोविसाव्या पानापर्यंत सुधारतच नाहीये. काय करू?
उत्तर: तुम्ही दुसरी पायरी नीट केली नाही. त्या सशात कुठलं तरी खरं लेकरू शिल्लक राहिलंय. शोधून काढून टाका.

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना. छापायच्या आधी पुस्तक कुठल्याही लेकराला वाचून दाखवू नका. घरातल्या तर नाहीच नाही. ते ऐकून घेईल, गाजरापाशी थांबवील आणि विचारील, 'त्या दोघांचं भांडण कशावरून झालं?' तुम्ही म्हणाल, 'गाजरावरून.' ते म्हणेल, 'नाही, त्याच्या आधी?' मग तुम्हाला त्याच्या आधीचं सांगावं लागेल. आजोबा परत आणावा लागेल, बांध आणावा लागेल, खिचडीतले शेंगदाणे आणावे लागतील. ससे पळून जातील. घुबडाला काम उरणार नाही. लेकरू शेंगदाण्यांच्या पानावर बोट ठेवून म्हणेल, 'हे परत सांग.' आणि तुम्ही सांगाल.

असं काही घडलं, तर हे मार्गदर्शन तुम्हाला लागू पडलं नाही असं समजावं. भरलेली फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.